लान्चिया ०३७ : दोन गुणांनी जिंकलेलं १९८३

घाटवळण

मागच्या महिन्यात इथंच ऑडी क्वाट्रोवर गप्पा रंगल्या होत्या. तेव्हा कुणीतरी लिहिलं होतं, की फोर व्हील ड्राइव्ह आली आणि मागच्या चाकांवर पळणाऱ्या रॅलीच्या गाड्या त्याच दिवशी संपल्या. मी तेव्हा गप्प राहिलो, कारण उत्तर चार ओळींत मावणारं नव्हतं. आता सवड काढून लिहितोय.

१९८३ सालच्या जागतिक रॅली स्पर्धेत उत्पादकांचं विजेतेपद लान्चियाने जिंकलं. गाडीचं अधिकृत नाव लान्चिया रॅली, पण आबार्थच्या (फियाट-लान्चियाचा शर्यत विभाग) प्रकल्प-क्रमांकावरून सगळे तिला ०३७ म्हणतात. ताकद फक्त मागच्या दोन चाकांना. समोर ऑडी क्वाट्रो होती: टर्बो, चारही चाकांना ताकद, सुमारे ३५० अश्वशक्ती. वर्षाअखेर लान्चियाचे गुण ११८ आणि ऑडीचे ११६. त्यानंतर आजतागायत मागच्या चाकांवर चालणाऱ्या एकाही गाडीला हे विजेतेपद मिळालेलं नाही.

या दोन गुणांचं श्रेय कुणी नशिबाला देतं, कुणी लान्चियाचा ड्रायव्हर वाल्टर रोर्लच्या हातांना. रोर्लचे हात होतेच. पण माझं ठाम मत असं, की हे वर्ष लान्चियाने आधी वही-पेन्सिल घेऊन जिंकलं आणि मग रस्त्यावर.

सुरुवात नियमांपासून करतो, कारण ही गाडी नियमपुस्तकातूनच जन्माला आली. १९८२ पासून ग्रुप बी हा रॅलीच्या गाड्यांचा नवा वर्ग लागू झाला. बारा महिन्यांत २०० गाड्या बनवून दाखवायच्या, की स्पर्धेचा परवाना मिळाला. इंजिनाच्या आकारमानावरून गाडीचं किमान वजन ठरायचं. टर्बो किंवा सुपरचार्जर असेल तर आकारमानाला १.४ ने गुणायचं. ०३७ चं इंजिन १९९५ सीसीचं. गुणाकार केला की २७९३ येतात, म्हणजे ३००० च्या आतला गट आणि किमान वजन ९६० किलो. आता क्वाट्रोचं मूळ इंजिन पाहा. २१४४ सीसी, गुणिले १.४, बरोबर ३००१.६. दीड-दोन सीसीमुळे गाडी वरच्या गटात आणि किमान वजन ११०० किलो! ऑडीने पुढे इंजिन २१३५ सीसीचं करून ही चूक सुधारली, पण समोरच्या धुऱ्याच्याही पुढे लटकणारं पाच सिलिंडरचं इंजिन आणि चार चाकांचा सगळा सरंजाम घेऊन ती गाडी प्रत्यक्षात ९६० पर्यंत उतरणं शक्यच नव्हतं. लान्चिया मात्र तिथपर्यंत उतरली.

गाडीचा सांगाडाही तसाच विचारपूर्वक. बीटा मॉन्टेकार्लो या छोट्या स्पोर्ट्स गाडीचा फक्त मधला, माणसं बसण्याचा भाग ठेवला. त्याच्या पुढे आणि मागे पोलादी नळ्यांच्या चौकटी जोडल्या. मॉन्टेकार्लोत आडवं असणारं इंजिन इथं उभं, म्हणजे गाडीच्या लांबीला धरून, मागच्या धुऱ्याच्या पुढे बसवलं. गिअरबॉक्स झेडएफचा, पाच गिअरचा. अंगावरचे पत्रे नाहीतच. फायबरग्लास आणि केव्हलार. मागच्या प्रत्येक चाकाला दोन-दोन शॉकअब्सॉर्बर. प्रकल्पाची तांत्रिक धुरा सर्जिओ लिमोने या अभियंत्याकडे होती, आकार पिनिनफारिना या डिझाइन कंपनीचा, चौकटीच्या कामात शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या दाल्लाराचा हात, आणि संघाचा कारभारी चेझारे फिओरिओ.

फोर व्हील ड्राइव्ह त्यांना जमली नसती असं नाही. पण ती जमवण्यात जे वजन, जी गुंतागुंत आणि जो वेळ जाणार, त्याची किंमत त्यांनी मोजली आणि ‘आत्ता नको’ असं ठरवलं. मला या निर्णयाबद्दल फार आदर वाटतो.

नोंदवही

लेख आवडला, पण एक मुद्दा मांडतो. लान्चिया त्या वर्षी स्वीडनला गेलीच नाही. केनियातल्या सफारीलाही नाही. ब्रिटनमधल्या शेवटच्या आरएसी रॅलीलाही नाही. बर्फ टाळला, इंग्लंडमधला चिखल टाळला आणि मग ‘दोन चाकांनी चार चाकांना हरवलं’ म्हणायचं, हे मला पटत नाही. ती डांबरावरची गाडी होती. मॉन्टे कार्लो आणि कॉर्सिका जिंकणं तिला सोपंच होतं.

घाटवळण

@नोंदवही, मुद्दा अगदी रास्त आहे आणि म्हणूनच आकडे मांडतो. माझ्या मते १९८३ ची खरी गंमत इथंच आहे.

त्या वर्षी एकूण १२ रॅली झाल्या, पण उत्पादकांच्या विजेतेपदासाठी त्यातल्या १० च धरल्या जात होत्या. स्वीडन आणि आयव्हरी कोस्ट या दोन फक्त ड्रायव्हरांच्या गुणांसाठी होत्या. फिओरिओला उत्पादकांचं विजेतेपद हवं होतं. मग बर्फात गाड्या नेऊन त्याला काय मिळणार होतं?

दुसरा नियम: १० पैकी सर्वांत चांगले ७ निकालच मोजायचे. रॅली जिंकली तर उत्पादकाला १८ गुण. लान्चियाचे पाच विजय म्हणजे ९०. पोर्तुगालमध्ये रोर्ल तिसरा, फिनलंडमध्ये मार्कू आलेन तिसरा, त्याचे प्रत्येकी १४. बेरीज ११८. ऑडीचे या यादीतले विजय चार (पोर्तुगाल, अर्जेंटिना, फिनलंड, आरएसी), म्हणजे ७२. सफारीत दुसरा क्रमांक १६, मॉन्टे कार्लो आणि अॅक्रोपोलिसमध्ये तिसरा क्रमांक प्रत्येकी १४. बेरीज ११६.

आता ही बेरीज ऑक्टोबरच्या सानरेमोनंतर करून पाहा. सानरेमोत लान्चियाच्या तीन गाड्या पहिल्या तीन क्रमांकांवर आल्या: आलेन, रोर्ल, बेत्तेगा. लान्चियाचे सात निकाल पूर्ण, ११८. ऑडीच्या सहा चांगल्या निकालांची बेरीज ९८. राहिली एकच रॅली, आरएसी. ती जिंकली तरी ९८ अधिक १८, म्हणजे ११६. ऑडीने ती जिंकलीही. स्तिग ब्लॉमक्विस्ट पहिला, हान्नू मिकोला दुसरा. काही फरक पडला नाही. लान्चिया आरएसीला गेली नाही ती भीतीने नाही. तिथलं काम संपलेलं होतं.

आणि ‘डांबरावरची गाडी’? पाच विजयांपैकी दोन, ग्रीसची अॅक्रोपोलिस आणि न्यूझीलंड, पूर्ण कच्च्या रस्त्यांवरचे. अॅक्रोपोलिस तर दगडधोंड्यांसाठी बदनाम. सानरेमोत डांबर आणि टस्कनीतली माती दोन्ही. निव्वळ डांबराचा विजय एकच, कॉर्सिका. तिथं पहिले चारही ०३७ होते. मॉन्टे कार्लोला त्या वर्षी रस्ते बरेचसे कोरडे राहिले हे खरं. पण हिवाळा कसा जाईल हे आधी कुणाच्या हातात असतं?

पाना_दहाचा

मी गॅरेजवाला माणूस, इतिहास फारसा वाचत नाही. पण इंजिनाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

घाटवळणदादांनी सुपरचार्जरचा उल्लेख ओझरता केला, माझ्या लेखी या गाडीचा जीव तोच. इंजिन मुळात ऑरेलिओ लाम्प्रेदी यांचं, फियाटचं ट्विन कॅम (दोन कॅमशाफ्टचं). हा माणूस आधी फेरारीत इंजिनं बनवत होता. ट्विन कॅम पहिल्यांदा १९६६ साली फियाट १२४ स्पोर्टमध्ये आलं. आपल्याकडच्या प्रीमियर ११८एनईचं शरीर याच १२४ च्या घराण्यातलं. फक्त तिच्यात इंजिन निस्सानचं होतं. म्हणजे ज्या घराण्याची गाडी आपल्या बापजाद्यांनी मुंबई-पुण्यात चालवली, त्याच घराण्याचं इंजिन आबार्थने १६ व्हॉल्व्हचं करून ०३७ मध्ये बसवलं.

आता टर्बो की सुपरचार्जर? टर्बो धुराच्या जोरावर फिरतो. पाय काढला की धूर कमी, टर्बोचा वेग कमी. पुन्हा पाय दिला की तो भरेपर्यंत थांबावं लागतं. ताम्हिणीत जुन्या टर्बो डिझेलला दुसऱ्या गिअरमध्ये दाबून पाहिलंय का? आधी काहीच नाही, मग एकदम ढकलते. त्या काळच्या रॅलीच्या टर्बोत हे याच्या कितीतरी पट. वळणाच्या मधोमध ताकद अचानक आली आणि गाडी मागच्या चाकांची असली, तर शेपूट कुठल्या कुठे जाईल.

आबार्थने म्हणून व्होल्युमेक्स बसवला. तो रूट्स जातीचा. दोन पाकळ्या एकमेकींत अडकून फिरतात आणि हवा पुढे ढकलतात. चालतो इंजिनाच्याच जोरावर, पट्ट्याने. इंजिन फिरलं की तो फिरलाच. पायाखाली पॅडल आणि मागच्या चाकांवर ताकद, मध्ये कुणी नाही. पिकअप लगेच. ड्रायव्हर पायाने गाडी वळवू शकतो.

तोटेही आहेत. तो चालवायला इंजिनाचीच ताकद खर्च होते आणि हवा तापते. त्यामुळे वरची मर्यादा लवकर गाठली जाते. रस्त्यावरची गाडी २०५ अश्वशक्तीची, स्पर्धेची १९८३ मध्ये तीनशेच्या जरा पुढे. पुढच्या सुधारणेत इंजिन २१११ सीसीचं केलं तेव्हा ३२५ झाली. (२१११ ला १.४ ने गुणा. २९५५. वहीवाले लोकच ते!) ऑडी तोवर कुठच्या कुठे गेली होती.

आणि दोन शॉकअपचं कारण सांगतो. खडबडीत रस्त्यावर शॉकअपचं तेल तापतं, पातळ होतं, मग तो दम सोडतो आणि गाडी बोटीसारखी डुलते. काम दोघांत वाटलं की दोघंही थंड राहतात. अॅक्रोपोलिस जिंकण्यात या चार नळकांड्यांचा वाटा मोठा असणार.

तोरिनोकर

मी नोकरीनिमित्त तोरिनोत राहतो. इथल्या जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात ०३७ जवळून पाहायला मिळाली, त्याबद्दल लिहितो.

फोटोत ती मोठी वाटते. प्रत्यक्षात कमरेएवढी बसकी. छतावर ड्रायव्हर आणि को-ड्रायव्हरच्या डोक्यांसाठी दोन हलके फुगवटे. मालकाने मागचं आवरण उचललं तेव्हा पाहणारे सगळे एकदम गप्प झाले. ते एक झाकण उघडलं की मागची निम्मी गाडी उघडी. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, सगळं हाताशी. कुठलाही भाग काढायला दुसरा भाग आधी काढावा लागत नाही. मालक म्हणाला, ही गाडी ड्रायव्हरसाठी जेवढी बनवली तेवढीच मेकॅनिकसाठी.

त्या काळी दोन स्टेजच्या (वेळ मोजल्या जाणाऱ्या टप्प्यांच्या) मध्ये रस्त्याच्या कडेला, पावसात, ताडपत्रीवर पडून काम करावं लागायचं. घड्याळ चालू असायचं. पुढच्या नळ्यांची चौकट वाकली तर मधल्या भागाला हात न लावता दुरुस्त करता यायची. गाडी किती वेगाने पळते हे सगळे विचारतात. ती किती लवकर परत उभी राहते हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

इथल्या जुन्या माणसांकडून मॉन्टे कार्लोची एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते: फिओरिओच्या माणसांनी बर्फाच्या पट्ट्यांवर मीठ टाकलं. ऐकली तशी सांगितली.

पाना_दहाचा

तोरिनोकर साहेब, ‘कुठलाही भाग काढायला दुसरा भाग आधी काढावा लागत नाही’ हे वाक्य मी गॅरेजच्या भिंतीवर लिहिणार आहे. हल्ली हेडलाइटचा बल्ब बदलायला बंपर उतरवायला लागतो.

अवनी_नाशिक

रॅली ऑफ महाराष्ट्र आमच्या नाशिकला झालेली आहे. त्यात मी दोनदा मार्शल (रस्त्यावर सुरक्षेसाठी थांबणारी स्वयंसेवक) म्हणून उभी राहिले आहे. तिथं पाहिलेली एक गोष्ट या चर्चेत सांगावीशी वाटते.

कच्च्या रस्त्यावर वरचा थर सुटा असतो. बारीक खडी आणि माती. पहिल्या चार-पाच गाड्या तो थर बाजूला सारतात. आम्ही त्याला रस्ता झाडणं म्हणतो. दहावी गाडी येईपर्यंत खालचा टणक रस्ता उघडा पडलेला असतो आणि त्याच वळणावर ती वेगळ्याच आवाजात जाते. टायर पकडल्याचा आवाज उभ्या जागी ऐकू येतो. त्यामुळे ‘मातीत फोर व्हील ड्राइव्हच जिंकणार’ हे सरसकट विधान मला कधीच पटलं नाही. माती कसली, किती सुटी, खाली काय, आपण कितवे, यावर सगळं असतं. सुट्या मातीत चार चाकं हवीतच. पण टणक कच्च्या रस्त्यावर इंजिनाचं वजन मागच्या चाकांवर बसलं असेल तर दोन चाकंही चांगली पकडतात. ०३७ मध्ये तेच होतं ना?

ड्रायव्हरांबद्दल मात्र दादा, तुम्ही फारच कमी लिहिलंत.

घाटवळण

@अवनी_नाशिक, ताई, तुम्ही वळणावर उभं राहून जे ऐकलंत ते मला पुस्तकातून कधीच कळलं नसतं. आणि हो, तेच होतं. इंजिनाचं वजन ताकद देणाऱ्या चाकांवर.

ड्रायव्हरांबद्दल कमी लिहिलं हे खरं. रोर्ल आणि त्याचा को-ड्रायव्हर क्रिस्टियान गाइस्टड्योर्फर यांनी १९८० साली फियाटमधून आणि १९८२ साली ओपेलमधून विजेतेपद मिळवलं होतं. १९८३ मध्ये त्यांनी मॉन्टे कार्लो, अॅक्रोपोलिस आणि न्यूझीलंड जिंकल्या. आलेन आणि इल्का किविमाकी यांनी कॉर्सिका आणि सानरेमो. तरी ड्रायव्हरांचं विजेतेपद ऑडीच्या मिकोलाला गेलं. मिकोला १२५, रोर्ल १०२, आलेन १००. फिनलंडला रोर्ल गेलाच नाही.

मिकोलाचं वर्ष पाहिलं तर ऑडीची दुखरी बाजूही दिसते. चार रॅली जिंकल्या, तीनमध्ये दुसरा, एकीत चौथा. उरलेल्या चारांत शून्य. आणि त्या चारही लान्चियाने जिंकल्या: कॉर्सिका, अॅक्रोपोलिस, न्यूझीलंड, सानरेमो. न्यूझीलंडला ऑडीची मिशेल मूतों पुढे होती, तिचं इंजिन गेलं. याला मी नशीब म्हणत नाही. जास्त ताकद, जास्त भाग, जास्त वजन, म्हणजे मोडायला जागाही जास्त.

@तोरिनोकर, मिठाची गोष्ट मीही ऐकली आहे. तिच्यामुळे माझं मत बदलत नाही. त्या मॉन्टेत रोर्ल पहिला, आलेन दुसरा आणि ब्लॉमक्विस्ट व मिकोला तिसरे-चौथे. तेवढा फरक चार गोण्या मिठाने पडत नाही.

नोंदवही

सात निकालांचा हिशेब मी स्वतः कागदावर करून पाहिला. जुळतो. माझं आधीचं विधान मागे घेतो. सानरेमोनंतर ऑडीच्या गोटात कुणीतरी हीच बेरीज केली असेल आणि ११६ वर पेन्सिल थांबली असेल, हा विचार आता मनातून जात नाही.

पण एक गोष्ट लिहायची राहू नये. याच गाडीने माणूसही घेतला. अत्तिलिओ बेत्तेगा. १९८२ च्या कॉर्सिकात, ०३७ च्या पहिल्याच जागतिक रॅलीत, त्याचा मोठा अपघात झाला आणि पाय जबर जखमी झाले. तो सावरला, परत त्याच गाडीत बसला आणि पुढच्या वर्षी सानरेमोत तिसरा आला. २ मे १९८५, पुन्हा कॉर्सिका, पुन्हा ०३७. गाडी झाडावर गेली आणि बेत्तेगा जागीच गेला. शेजारी बसलेला मॉरित्झिओ पेरिस्सिनोत वाचला. बरोबर एक वर्षाने, २ मे १९८६, त्याच कॉर्सिकात लान्चियाचीच पुढची गाडी, डेल्टा एस४, दरीत जाऊन पेटली. हेन्री तोइवोनेन आणि सर्जिओ क्रेस्तो दोघेही गेले. दोन्ही गाड्यांचा क्रमांक ४. त्यानंतर ग्रुप बी बंद करण्यात आला.

अवनी_नाशिक

हे मला माहीत नव्हतं. मार्शल म्हणून उभं राहताना आम्हाला पहिली शिकवण देतात ती झाडांची. वळणाच्या बाहेरच्या अंगाला झाड असेल तर त्याच्या आडोशाला कधी उभं राहायचं नाही. झाड वाचवेल असं वाटतं, पण गाडी नेमकी तिथंच येते.

घाटवळण

@नोंदवही, बेत्तेगाबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. मला लिहायचं होतं, पण माझ्या लिखाणात त्याचं नाव फक्त सानरेमोच्या तिसऱ्या क्रमांकापुरतं आलं. हलकेपणाचा मी वर एवढा गौरव केला. फायबरची कातडी आणि बारीक नळ्या यांची दुसरी बाजू म्हणजे झाडासमोर माणसाच्या बाजूने उभं राहायला गाडीत फार काही उरत नाही. १९८५ च्या कॉर्सिकाला लान्चियाचे ड्रायव्हर तीन वर्षं जुन्या कल्पनेची गाडी घेऊन नव्या फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांच्या मागे धावत होते. एस४ अजून तयार नव्हती. ही घाई मला त्या अपघातापासून वेगळी काढता येत नाही.

०३७ चा काळ किती छोटा होता पाहा. १९८४ च्या कॉर्सिकात आलेन जिंकला, तो तिचा जागतिक स्पर्धेतला शेवटचा विजय. त्याच रॅलीत प्यूजो २०५ टी१६ पहिल्यांदा उतरली. इंजिन मध्ये, टर्बो, चारही चाकांना ताकद आणि तरीही छोटी. आरी वातानेनने अपघात होईपर्यंत आघाडी घेतली होती. ‘आत्ता नको’ म्हणण्याची मुदत तिथं संपली.

तोरिनोकर

जागतिक स्पर्धेत संपली, पण युरोपात नाही. १९८३, १९८४ आणि १९८५, तिन्ही वर्षं युरोपियन रॅली विजेतेपद ०३७ लाच: मिकी बियासिओन, कार्लो कापोने, दारिओ चेर्रातो. बियासिओन पुढे डेल्टा इंटेग्राले घेऊन दोनदा जगज्जेता झाला. तो याच गाडीत तयार झाला असं इथं मानतात.

पाना_दहाचा

एक विचारायचं होतं. १९८३ मध्ये सफारीला गेले नाहीत असं नोंदवहींनी लिहिलं. नंतर कधी नेली का ही गाडी आफ्रिकेत? तिथल्या रस्त्यांवर त्या दोन-दोन शॉकअपचं काय झालं असेल, याची मला उत्सुकता आहे.

नोंदवही

नेली. १९८६ च्या सफारीचंच घ्या. लान्चियाकडे तोवर एस४ होती. पण केनियातल्या त्या लांबलचक, गाड्या मोडणाऱ्या रस्त्यांसाठी त्यांनी एस४ घरी ठेवली आणि चार वर्षांची ०३७ बाहेर काढली. टोयोटाच्या दोन गाड्या पुढे होत्या. तिसरा आलेन.

पाना_दहाचा

मग शॉकअप टिकले म्हणायचे.